पाण्यात बुडून मृत्यू : चौकशी कशी होते, आणि कामाला बाहेर गेलेल्या आपल्या माणसासाठी घरच्यांनी काय करायचं?

दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली गावं ओस पडायला लागतात. टोळ्या सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुण्याकडं आणि पार कर्नाटकात जातात. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि दाराला लावलेली कुलपं. मग एखाद्या रात्री मुकादमाचा फोन येतो, "तुमचा माणूस विहिरीत पडला, लवकर निघा."

घरचे गाडी करून तीनशे किलोमीटर जातात. पोहोचेपर्यंत पंचनामा झालेला असतो, पीएम झालेलं असतं. समोर एक कागद येतो. त्यावर सही होते आणि ॲम्ब्युलन्स गावाकडं निघते. पुढं वर्षानुवर्षं घरात एकच प्रश्न राहतो: त्याला तर पोहता येत होतं, मग तो बुडाला कसा?

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं काम कायद्यानं कोणावर आहे, ते कसं होतं आणि त्यात घरच्यांचा हात कुठं लागतो, हे आज सोप्या भाषेत समजून घेऊ.

भीमा नदीत सापडलेले सात जण

जानेवारी २०२३ ची घटना बऱ्याच जणांना आठवत असेल. पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यात, पारगावजवळ भीमा नदीच्या पात्रात १८ ते २४ जानेवारी या आठवड्यात एकामागून एक सात मृतदेह सापडले. चार मोठी माणसं, तीन लहान लेकरं. सगळे एकाच कुटुंबातले. आजी-आजोबा, लेक, जावई आणि नातवंडं. कुटुंब मूळचं आपल्या गेवराई तालुक्यातलं, जावई धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातला. मजुरीच्या कामासाठी ते पारनेर तालुक्यात राहत होते.

पहिले काही दिवस सगळीकडं एकच चर्चा होती की घरगुती कारणावरून सगळ्यांनी मिळून आत्महत्या केली. मोबाईलवर तसे मेसेज फिरले, बातम्याही तशाच आल्या. पहिल्या चौघांच्या शवविच्छेदनात प्राथमिक कारण 'बुडून मृत्यू' असंच आलं होतं. म्हणजे कागद बघितला तर आत्महत्येची गोष्ट त्यात बरोबर बसत होती.

पण पुणे ग्रामीण पोलिसांनी तपास तिथं थांबवला नाही. आठवडाभरात त्यांनी खुनाचा गुन्हा दाखल करून नात्यातल्याच लोकांना अटक केली. पोलिसांचं म्हणणं असं की, जुन्या एका मृत्यूचा संशय मनात धरून, सूड म्हणून हे केलं गेलं. आरोप सिद्ध करणं हे न्यायालयाचं काम आहे, त्यावर आपण बोलायचं नाही. पण आपल्यासाठी एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. पीएमच्या कागदावर 'बुडून मृत्यू' लिहिलं होतं आणि ते खोटं नव्हतं. तरी त्या दोन शब्दांपलीकडं तपास गेला, म्हणून प्रकरण खुनापर्यंत पोहोचलं.

'बुडून मृत्यू' म्हणजे काय कळतं, काय कळत नाही

डॉक्टर शरीर बघून सांगू शकतात की माणूस पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता की आधीच मेलेला होता. नाकातोंडाला आलेला फेस, फुगलेली फुप्फुसं, श्वासनळीत गेलेला चिखल, मुठीत घट्ट धरलेलं गवत, या खुणा जिवंतपणी बुडाल्याच्या मानतात. हातापायाची कातडी सुरकुतली म्हणजे बुडून मेला, असं मात्र नाही. मेलेलं शरीर पाण्यात राहिलं तरी कातडी तशीच होते.

आणखी एक तपासणी असते, तिला डायटम टेस्ट म्हणतात. डायटम म्हणजे पाण्यातलं डोळ्याला न दिसणारं शेवाळ. जिवंत माणूस बुडताना पाणी श्वासाबरोबर आत ओढतो. रक्त फिरत असल्यामुळं हे शेवाळ हाडातल्या मगजापर्यंत जाऊ शकतं. मेलेल्या माणसाला पाण्यात टाकलं तर तिथपर्यंत सहसा जात नाही. म्हणून छातीचं किंवा मांडीचं हाड प्रयोगशाळेकडं पाठवतात. पण त्यासोबत त्याच विहिरीचं, त्याच नदीचं पाणीही बाटलीत भरून पाठवावं लागतं, तरच दोन्ही जुळवून बघता येतं. ही तपासणी शंभर टक्के खात्रीची नसते. तरी संशय असेल तर उपयोगी पडते.

दारू किंवा विष पोटात होतं का, हे बघायला व्हिसेरा राखून ठेवतात आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवतात. तो अहवाल यायला वेळ लागतो.

आता मुख्य मुद्दा. हे सगळं झालं तरी डॉक्टर एवढंच सांगतात की माणूस पाण्यात बुडून मेला. पाय घसरला, स्वतः उडी मारली की कोणी ढकललं, हे डॉक्टरांच्या टेबलावर कळत नाही. ते कळतं विहिरीच्या काठावर. चपला कुठं होत्या, कठड्यावर खुणा आहेत का, डोक्याला मार आहे का, मोबाईल कुठं सापडला, शेवटचा फोन कोणाला झाला, शेवटचं कोणासोबत दिसला, आदल्या दिवशी कोणाशी वाद झाला. ही चौकशी पोलिसांची.

कायदा काय सांगतो

पूर्वी मुंबई शहरात अशा मृत्यूंची चौकशी करायला 'कोरोनर' नावाचा वेगळा अधिकारी असायचा. १८७१ च्या इंग्रजी कायद्यानं ते पद होतं, १९९९ मध्ये ते बंद झालं. आपल्याकडं खेड्यापाड्यात हे काम आधीपासून पोलीस आणि तहसीलदार यांच्याकडंच आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचं कलम १९४ (जुनं कलम १७४) या कामासाठी आहे. त्यातलं आपल्या उपयोगाचं असं :

आत्महत्या, अपघात किंवा संशयास्पद मृत्यूची खबर मिळाली की ठाण्याच्या अधिकाऱ्यानं लगेच कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवायचं आणि स्वतः जागेवर जायचं. आपल्याकडं कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे बहुतेक वेळा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार.

तिथं राहणाऱ्या किमान दोन प्रतिष्ठित माणसांसमोर मृतदेहाचा पंचनामा करायचा. जखमा, वळ, मोडलेलं हाड, अंगावरच्या खुणा, सगळं लिहायचं आणि ते कशानं झालं असावं हेही लिहायचं.

हा अहवाल २४ तासांच्या आत जिल्हा दंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडं पाठवायचा.

मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असेल तर मृतदेह शवविच्छेदनाला पाठवायचा.

लग्नाला सात वर्षं झालेली नसतील अशा बाईनं आत्महत्या केली किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असेल, तर दंडाधिकाऱ्याची चौकशी बंधनकारक आहे. टोळीत कोयत्यावर जाणारी कित्येक जोडपी नवीन लग्नाची असतात, म्हणून हे लक्षात ठेवा. अशा वेळी माहेरच्यांनी 'तहसीलदारासमोर पंचनामा झाला का' हे नक्की विचारावं.

पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात मृत्यू झाला तर कलम १९६ प्रमाणं न्यायालयातल्या दंडाधिकाऱ्याची चौकशी होते. डिसेंबर २०२४ मधल्या परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी प्रकरणात ही चौकशी झाली होती. दंडाधिकाऱ्याची चौकशी असेल तेव्हा जवळच्या नातेवाइकांना शक्य तिथं कळवावं आणि हजर राहू द्यावं, असंही या कलमात आहे.

पोलीस ठाण्यात सुरुवातीला याची नोंद 'अकस्मात मृत्यू' म्हणून होते. तिला एडी म्हणतात. एडी म्हणजे गुन्हा नव्हे आणि एडी म्हणजे निकालही नव्हे, एवढं पक्कं लक्षात ठेवा. ती चौकशीची सुरुवात आहे. त्यातून घातपात दिसला तर एफआयआर होतो, नाही दिसला तर एडी बंद करायचा अहवाल दंडाधिकाऱ्याकडं जातो.

'आमचा कोणावर संशय नाही'

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. बरीच वर्षं झाली त्याला. आमच्या गावातला एक पोरगा ऊसतोडीला परजिल्ह्यात गेला होता आणि तिथं शेततळ्यात बुडाला. त्याच्या वडिलांना मी तात्या म्हणतो. मी बारावी झालेला, बातम्या देणारा, म्हणून मला सोबत नेलं. दवाखान्याच्या ओसरीवर पोलिसांनी तात्याचा जबाब लिहिला. शेवटची ओळ होती, "सदर मृत्यूबाबत आमचा कोणावरही संशय अथवा तक्रार नाही." तात्या गप्प बसून होता. मीच म्हणालो, "करा सही तात्या, मयत लवकर ताब्यात मिळंल. रात्र व्हायच्या आत निघू."

त्यानं सही केली. पंधरा दिवसांनी तात्या माझ्या रानात आला. पोराचा मोबाईल मिळाला नव्हता. उचलीच्या पैशावरून टोळीत वाद झाला होता, असं टोळीतल्याच एकानं हळूच सांगितलं होतं. आम्ही त्या ठाण्याला फोन केला, तर उत्तर आलं, "तुम्हीच लिहून दिलंय ना, संशय नाही म्हणून."

त्या पोराला कोणी मारलं असं मी म्हणत नाही. कदाचित पायच घसरला असंल. पण ते आता कधीच कळणार नाही, आणि त्याला माझी घाई कारण आहे. तात्या अजून भेटतो, बोलतो, तो विषय काढत नाही. मलाच खालमानेनं बसावं लागतं.

म्हणून सांगतो. ती ओळ पुष्कळ जबाबांत ठरल्यासारखी येते. संशय खरंच नसेल तर सही करायला हरकत नाही. पण माहितीच नसेल तर 'संशय नाही' असं कसं लिहून देणार? तेव्हा सरळ म्हणा, "साहेब, मृत्यूचं कारण आम्हाला आज माहीत नाही, चौकशी व्हावी, एवढं लिहा." असं लिहून घेतल्यानं मयत अडवता येत नाही. पीएम झाल्यावर मयत नातेवाइकांनाच द्यायची असते.

परका माणूस, परकं ठाणं

आपल्या गावात कोणी बुडालं तर पोलीस पाटील असतो, सरपंच असतो, भावकी असते. शंभर माणसं काठावर उभी राहतात. पोलीस पाटलावर अशा मृत्यूची खबर देण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. पंच ओळखीचे असतात. 'हा तर दारू पीत नव्हता', 'याला पोहता येत होतं', असं सांगणारे दहा जण असतात.

फडावर यातलं काहीच नसतं. पंच त्या गावचे, त्यांनी मयताला जन्मात बघितलेलं नसतं. पोलिसांना माहिती देतो मुकादम किंवा कारखान्याचा माणूस. टोळीतले बाकीचे लोक बघत असतात, पण त्यांचीही उचल त्याच मुकादमाकडं असते, ते तोंड उघडत नाहीत. कर्नाटकात गेलं तर पंचनामा कन्नडमध्ये. म्हणजे मेलेल्याची बाजू सांगायला जागेवर कोणीच नसतं.

यात पोलिसांचीही अडचण असते, तीही सांगितली पाहिजे. एका ठाण्याला पुष्कळ गावं, माणसं कमी, आणि टोळी आज इथं तर उद्या दुसऱ्या फडावर. जबाब घ्यायला गेलेल्या हवालदाराला कोपी रिकामी सापडते. हंगाम संपला की साक्षीदार चार तालुक्यांत पांगतात. तपास करायची इच्छा असली तरी माणूस सापडत नाही.

पण दुसरी बाजू जुनी आणि कडू आहे. पालावर राहणाऱ्या, फिरून पोट भरणाऱ्या माणसाकडं ठाण्यात आधी संशयानं बघितलं जातं. ज्या १८७१ साली कोरोनरचा कायदा आला, त्याच साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदाही केला. पारध्यांसारख्या जमातींवर जन्मानंच गुन्हेगार म्हणून शिक्का बसला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण शिक्का मनातून गेला नाही. आष्टी, पाटोदा, गेवराईकडच्या पारधी वस्त्यांवरच्या लोकांना विचारा. घरात मयत झाली तरी ठाण्यात जायला ते घाबरतात, कारण फिर्याद द्यायला गेलेल्यालाच बसवून ठेवतील अशी धास्ती असते. असा माणूस खबर उशिरा देतो. उशीर झाला म्हणून त्याच्यावरच संशय येतो. मग तो पुढच्या वेळी आणखी उशीर करतो.

भीतीनं नुकसान मेलेल्याचंच होतं. खबर पहिल्या तासात गेली तर काठावरच्या खुणा जागेवर असतात. दुसऱ्या दिवशी तिथं मोटर चालू झालेली असते.

फोन आला तर काय करायचं

१. टोळीतल्या आपल्या माणसाला सांगा, ११२ ला फोन करा. खबर मुकादमानंच द्यावी असं काही नाही. माणूस नुसता बेपत्ता असेल तरी २४ तास थांबायची गरज नाही, तसा कोणताही नियम नाही.

२. विहिरीचा काठ, चपला, कपडे, दोर, जे असेल त्याचे मोबाईलवर फोटो काढून ठेवायला सांगा. वस्तूंना हात लावू नका.

३. निघण्याआधी ठाण्याला फोन करून सांगा की आम्ही निघालो आहोत, आम्ही येईपर्यंत पीएम थांबवता आलं तर थांबवा. संशयास्पद मृत्यूचं पीएम सहसा दिवसाच होतं. २०२१ पासून रात्री पीएम करायला केंद्रानं परवानगी दिली, पण खून, आत्महत्या किंवा घातपाताचा संशय असलेली प्रकरणं त्यातून साधारणपणे वगळली आहेत. म्हणजे 'सकाळी करू' म्हणाले तर ती टाळाटाळच असते असं नाही.

४. मृतदेह स्वतः नीट बघा. डोकं, मान, हात, पाठ. काही दिसलं तर तिथंच पोलिसांना आणि डॉक्टरांना सांगा आणि जबाबात लिहायला लावा.

५. व्हिसेरा राखला का, डायटमसाठी नमुना घेतला का, हे विचारा. संशय असेल तर तसा साधा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी बोललेलं ठाण्यात टिकत नाही.

६. जबाब वाचून घ्या. वाचता येत नसेल तर दोनदा वाचून दाखवायला सांगा.

७. एडी नंबर, तारीख, ठाण्याचं नाव आणि तपास करणाऱ्या अंमलदाराचा नंबर वहीत लिहून घ्या. पुढं सगळीकडं हाच नंबर लागतो.

८. टोळीतल्या चार जणांची नावं, गावं, नंबर त्याच दिवशी घ्या.

९. मयताचा मोबाईल आणि अंगावरचे कपडे जाळू नका, धुऊ नका. मोबाईल आपल्या हातात आला तर त्यातलं काही पुसू नका. पोलिसांना देताना तशी नोंद करून द्या.

१०. संशय घट्ट असेल आणि घरात रीत चालत असेल, तर दहनाऐवजी दफनाचा विचार करा. दंडाधिकाऱ्याच्या आदेशानं पुरलेला मृतदेह काढून पुन्हा तपासता येतो. दहन झाल्यावर तो रस्ता बंद होतो.

ऐकून घेतलं नाही तर

घातपात झाल्याचं तुमचं म्हणणं असेल आणि तिथलं ठाणं फिर्याद घेत नसेल, तर गावाकडं परत येऊन आपल्या ठाण्यातही फिर्याद देता येते. तिला झिरो एफआयआर म्हणतात. कलम १७३ मध्ये आता स्पष्ट लिहिलं आहे की गुन्हा कुठंही घडलेला असला तरी खबर घ्यायची आणि संबंधित ठाण्याकडं पाठवायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते. खुनासारख्या दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलेलं आहे.

तरीही घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी तक्रार पाठवा, रजिस्टरची पावती जपा. त्यानंही झालं नाही तर कलम १७५ प्रमाणं न्यायालयात अर्ज करता येतो. गुन्हा दाखल झाला असेल तर तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवणंही आता कायद्यात आहे.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती आणि जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मयत पारधी किंवा अनुसूचित जाती-जमातीतला असेल आणि संशयित त्या बाहेरचा असेल, तर ॲट्रॉसिटीचं कलम लागतं का, तेही विचारा. तो तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो.

हेच कागद मदतीसाठीही लागतात. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये आहेत. बुडून झालेला मृत्यू त्यात बसतो, आत्महत्या बसत नाही. म्हणजे एडीच्या कागदात 'आत्महत्या' असं घाईनं लिहिलं गेलं तर विधवेच्या हातचे पैसेही जातात.

टोळी निघण्याआधी

या वर्षी कोयता बांधायच्या आधी एवढं करा. कोणता कारखाना, कोणता मुकादम, फड कोणत्या गावाजवळ, तिथलं ठाणं कोणतं, हे एका कागदावर लिहून घरच्या म्हाताऱ्या माणसाकडं ठेवा. ऊसतोड कामगार म्हणून ग्रामपंचायतीत नोंद झाली नसेल तर करून ओळखपत्र घ्या. फड बदलला की घरी एक फोन करा.

आणि गावातल्या शिकलेल्या पोरांना एक सांगणं. अशा वेळी घरचे लोक तुम्हालाच सोबत नेतील, कारण कागद तुम्हाला वाचता येतो. तेव्हा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ॲम्ब्युलन्स तासभर उशिरा निघाली तर चालतं.